खु. नको, खुर्द लिहा

कॉलेजात पोरं मला पाठीमागं 'मुपो सर' म्हणतात. मला ते ठाऊक आहे, हे त्यांनाही ठाऊक आहे. लातूरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवतो आणि दरवर्षी पत्रलेखनाचा धडा आला की नुसत्या पत्त्यावर एक अख्खा तास घेतो. मु. म्हणजे मुक्काम, पो. म्हणजे पोस्ट, ता. म्हणजे तालुका, जि. म्हणजे जिल्हा. पाकिटावर ही लघुरूपं चालतात, कारण पोस्टमनला ती पाठ असतात. रकान्यात चालतात, कारण तिथं जागा नसते. पण अर्जात, दाखल्यात, निमंत्रणात, म्हणजे माणसानं माणसासाठी लिहिलेल्या मजकुरात गावाचं नाव पुरं लिहायचं. त्यातही बुद्रुकचं बु. आणि खुर्दचं खु. तर अजिबात करायचं नाही. एकाच नावाची दोन गावं, एक थोरलं, एक धाकटं; घाईत वाचणारा ते शेवटचं अक्षर बघतच नाही आणि धाकट्याचा कागद थोरल्याच्या घरी जाऊन पडतो. "लघुरूप ओळखीच्या माणसापुढं असतं रे," मी फळ्यावर खडू आपटून सांगतो, "अनोळखी माणसापुढं नाव तोडायचं नाही." कुणी तोडलंच तर अर्धा मार्क कापतो. त्या अर्ध्या मार्कासाठी पालक भांडायला आले, तरी मी दिलेला नाही.

यंदा तो तास मी घेतला नाही. घसा बसलाय असं सांगून दुसऱ्या सरांना पाठवलं. घसा चांगला ठणठणीत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, दुसरं काय!

मूळचा मी बिलोली तालुक्यातला. लहानपणी बिलोलीच्या बाजारात कुणी "कुठला रे?" विचारलं तर मी वाडीचं नाव सांगायचो. शिकायला नांदेडला गेलो तेव्हा तिथल्या पोरांना बिलोली सांगायला लागलो. नोकरीला लातूरला आलो, तर नांदेड. पुण्याला पेपर तपासायला गेलो की मी थेट लातूरचा. जितकं लांब जाईन तितकं माझं गाव मोठं होत गेलं. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही. समोरच्याला कळायला नको का, अशी मी माझी समजूत घालायचो. खरं सांगायचं तर मला वाडीची लाज वाटत होती. आज लिहून टाकतो एकदाचं.

माझी थोरली बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणतो, देवणी तालुक्यात बोरनाळ खुर्दला दिलेली आहे. ओढ्याच्या अलीकडं बोरनाळ बुद्रुक. तिथं पोस्ट, हायस्कूल, बँक, एसटीचा थांबा, सगळं. ओढ्याच्या पलीकडं खुर्द, साठ-सत्तर घरं. दाजी म्हणजे तिचे मालक, घरची शेती करतात, दावणीला देवणी जातीची जनावरं. दाजींची उभी हयात बुद्रुकच्या नावाशी भांडण्यात गेली. त्यांचे कागद बुद्रुकला, त्यांची पत्रं बुद्रुकला. अक्काच्या सोयरिकीच्या वेळी आमचीच माणसं बुद्रुकला उतरून भलत्याच घरी चहा पिऊन बसली होती. यजमानांनाही पाहुणे कोण ते कळेना, आणि हे लोक मुलगा बघायला मागतायत! ही गोष्ट दाजी पोट धरधरून सांगायचे. पण सांगून झाली की म्हणायचे, "गाव धाकलं हाय म्हणून नाव खाऊन टाकावं का लोकांनी?"

माझ्या लेकीचं लग्न जमलं पुण्यात. जावई चांगला, माणसं चांगली. तारीख धरली, हॉल लातूरचाच घेतला आणि मी पत्रिकेला बसलो. आता आमच्याकडची पत्रिका म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगूनही कळायचं नाही. तिच्यात नवरा-नवरी सापडायला वेळ लागतो. निमंत्रक, प्रेषक, स्वागतोत्सुक, व्यवस्थापक, सगळ्या भावकीची नावं, आणि प्रत्येक नावापुढं गाव. माणसं आधी ते गावच शोधतात. आत्याचं गाव, मामाचं गाव, मावशीचं गाव. सासरच्या गावाचं नाव माहेरच्या पत्रिकेत छापून आलं म्हणजे माहेरानं लेकीला धरून ठेवलंय, असा त्याचा अर्थ. पत्रिकांचा गठ्ठा त्या त्या गावच्या जावयाकडं जातो, पहिली पत्रिका मारुतीपुढं ठेवतात, दुसरी पारावर मोठ्यानं वाचतात.

दाजींचा फोन आला. म्हणाले, "सर, पत्रिका करून राहिलाव म्हणं. एक मागणं हाय." दाजींनी मला आयुष्यात काही मागितलं नव्हतं. मी म्हटलं, "बोला की." म्हणाले, "माझं नाव बारीक अक्षरात घाला, न्हाई घातलं तरी चालंल. पर गावाचं नाव पुरं घाला. खु. नको, खुर्द लिहा. हिनं साऱ्या गावाला सांगून ठिवलंय, माझा भाऊ मराठीचा सर हाय, त्याच्या पत्रिकेत आपलं गाव पैल्यांदा नीट यील म्हणून." मी हसलो. म्हटलं, "अहो दाजी, माझं कामच ते. अर्धा मार्क कापतो मी पोरांचा!" तेही हसले. मी शब्द दिला होता, हे मी विसरलेलो नाही.

आणि मी लिहिलंही तसंच. 'बोरनाळ खुर्द, तालुका देवणी.' मसुदा विहीणबाईंना मोबाइलवर पाठवला. त्यांचा गोड आवाजात फोन आला. "मजकूर फार सुरेख झालाय हो. फक्त खाली ते तालुका, जिल्हा, मुक्काम जरा जास्त होतंय का? आमच्याकडच्यांना वाचताना अगदी मनीऑर्डरच्या फॉर्मसारखं वाटेल." आणि हसल्या. मनात काही नव्हतं त्यांच्या. एवढंच बोलल्या, मग लगेच लेकीच्या शालूचा रंग विचारला.

पण माझ्या कानात तो फॉर्म घुमायला लागला. दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्यात प्रूफ बघायला गेलो. हा छापखानदार जुना माणूस, चष्मा कायम कपाळावर. पत्रिकेतल्या नावांवरून भावक्या डोकी फोडतात हे त्यानं पाहिलेलं, म्हणून त्याची रीतच आहे: कागदावर प्रूफ काढायचं, दुरुस्त्या लाल शाईनं करून घ्यायच्या, खाली 'छापण्यास योग्य' लिहून सही घ्यायची आणि ते प्रूफ फाईलला लावून ठेवायचं. मी लाल पेन घेतलं. खालच्या बाजूला सात गावं होती. ती मला एकदम पुण्याच्या डोळ्यांनी दिसायला लागली. वाडी, तांडा, खुर्द, बुद्रुक. वाटलं, हॉलच्या दारात पाहुणे ही नावं वाचून एकमेकांकडं बघतील. मग मी एकेका गावावर रेघ मारली. बिलोलीकडच्यांना नांदेड केलं, देवणीकडच्यांना लातूर. बोरनाळ खुर्दवर रेघ मारताना पेन थांबलं होतं. नव्हतं थांबलं असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. थांबलं, आणि मग मी मारली. खाली सही केली, तारीख घातली.

मामाला नांदेडकर केल्यावर मामा उलट खूश झाला. बाकीच्यांनी एक तर वाचलं नाही, नाही तर वाचून काही म्हटलं नाही. मला वाटलं, निभावलं.

मग अक्काचा फोन. "भाऊ, पत्रिका लई देखणी हाय रे." मी म्हटलं, "मग?" ती म्हणाली, "पर गावाचं नाव न्हाई की." पारावर शाळेतले गुरुजी पत्रिका वाचत होते. दाजींचं नाव आलं, पुढं 'लातूर' आलं, आणि गुरुजी थांबले. "तुमी लातूरला कवा राहायला गेलाव?" त्यांनी विचारलं आणि सगळे हसले. दाजीही हसले, असं अक्का म्हणाली. बायका तिला म्हणाल्या, तुझ्या भावाला तुझं गाव ठावं न्हाई व्हय गं? मग तीच म्हणाली, "छापखान्यावाल्यानं चूक केली आसंल, न्हवं?"

तिनं दार उघडून दिलं आणि मी आत शिरलो. "अगं, हाव ना! मी पुरं लिहून दिलं होतं, खुर्दसकट. त्या माणसानंच घोळ घातला. लई बोललो मी त्याला." एवढ्यावर थांबावं की नाही? नाही थांबलो. म्हटलं, "डोळ्यानं दिसत नाही म्हाताऱ्याला, आणि धंदे करून राहिलाय." अक्काचा आवाज लगेच मोकळा झाला. "मला वाटलंच. माझा भाऊ आसं करायचा न्हाई." फोन ठेवला तेव्हा माझ्या बायकोनं माझ्याकडं बघितलं. ती शेजारीच पापड मोजत होती, सगळं ऐकलं होतं तिनं. "जीभ कशी रेटली हो तुमची?" एवढंच म्हणाली आणि पापडांचा डबा उचलून आत गेली.

चार दिवसांनी मी मांडवाच्या दारावर लावायचा फ्लेक्स आणायला छापखान्यात गेलो. छापखानदार चष्मा कपाळावरून खाली ओढत म्हणाला, "सर, देवणीकडचे तुमचे पाहुणे येऊन गेले." तो सांगू लागला. दाजी चाळीस पत्रिकांचा गठ्ठा घेऊन आले होते. त्यांना कागदाच्या बारक्या पट्ट्या हव्या होत्या, नुसतं 'बोरनाळ खुर्द' छापलेल्या. 'लातूर'वर चिकटवायला. "वर मलाच म्हणाले," छापखानदार म्हणाला, "की माणसाकडनं चूक होतीच, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी म्हणलं, चूक? माझ्याकडनं? सर, राग मानू नका, पण माझ्या धंद्याच्या नावाचा प्रश्न आहे. मी फाईल काढून दाखवली."

"मग?"

"मग काय! प्रूफ दारापाशी उजेडात नेऊन बघितलं त्यांनी. ही सही सरांचीच का, म्हणून विचारलं. मी हो म्हणलं. पट्ट्या राहू द्या म्हणाले, पाणी प्यायले आणि गेले."

मी तो फ्लेक्स काखोटीला मारून बाहेर आलो. रस्त्यावर भर दुपारची वर्दळ, ओळखीची दोन पोरं "नमस्कार सर" म्हणून गेली, आणि मला वाटलं, यांच्या देखत इथंच जमीन दुभंगली तर बरं. एक म्हातारा माणूस, देवणीहून एसटीनं चाळीस पत्रिका मांडीवर घेऊन आला. कशासाठी? तर माझी चूक झाकायला. माझ्यावर रागवायला नाही, तर मला सावरून घ्यायला आला होता, आणि त्याला काय दिसलं? माझं अक्षर.

घरी येऊन फोन लावला. दाजींनीच उचलला. मी म्हटलं, "दाजी, ते छापखान्यातलं..." त्यांनी पुढं बोलू दिलं नाही. "राहू द्या सर. हिला म्हाईत न्हाई. तिला म्हाईत व्हायची गरजबी न्हाई. लग्न तोंडावर आलंय. हळदीला किती वाजता यावं, तेवढं सांगा." मी वेळ सांगितली. माफी मागायची होती, ती न मागताच फोन ठेवला. पुढं कितीदा तरी मागता आली असती. एकदाही मागितली नाही.

लग्नाला बोरनाळ खुर्दची तीसेक माणसं टेम्पो करून आली. दाजींनी चाळीसही पत्रिका वाटल्या होत्या, लातूर छापलेल्या. सकाळी हॉलमागं नाश्ता चालला होता. आमच्याकडची सुशीला, भिजवलेल्या कुरमुऱ्यांची, वर शेंगदाण्याचा कूट, विहीणबाईंना पहिल्यांदाच बघायला मिळत होती. अक्का त्यांना आग्रह करत होती. बोलता बोलता म्हणाली, "आमचं गाव पत्रिकेत यायचं व्हतं ओ. भावानं पुरं लिहून दिलं व्हतं. पर छापखान्यावाल्यानं खाल्लं बगा. न्हाई तर माझा भाऊ नावाचा लई पक्का हाय." विहीणबाईंनी तो पहिला मसुदा वाचलेला होता. त्यांनी माझ्याकडं एकदा बघितलं. दाजींनी ताटलीतून मान वर केली नाही. विहीणबाई शहाण्या. "कूट किती छान लागतो हो यात," म्हणाल्या, आणि अक्का लगेच आणखी वाढायला उठली. मी तिथून काहीतरी कामाचं निमित्त करून पळालो.

अक्षतांच्या आधी आमच्याकडं सत्कार असतात. जावयांना, व्याह्यांना टॉवेल-टोपी, खांद्यावर शाल, आणि माइकवर नाव-गाव. निवेदक आमच्या कॉलेजातलाच, हातात चिठ्ठ्या आणि पत्रिका घेऊन उभा. पुण्याची मंडळी पहिल्या दोन रांगांत, बोरनाळ खुर्दची मागं खांबापाशी. दाजींचं नाव पुकारलं, ते स्टेजवर आले. निवेदकानं पत्रिका मुद्दाम बाजूला ठेवून त्यांच्या कानाशी वाकून विचारलं, "पाहुणे, गाव कोणतं सांगू?"

मी टोपी हातात धरून दोन पावलांवर होतो.

"लातूर सांगा," दाजी म्हणाले.

खालून अक्का, नातेवाईक बायकांच्या घोळक्यातून, मोठ्यानं म्हणाली, "आवो, गाव सांगा की आपलं!" निवेदकही थबकला. "मूळ गाव सांगू का?"

"पत्रिकेत लातूर हाय, तेच सांगा. उगं दोन दोन नकोत." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

निवेदकानं माइकवर 'लातूर' म्हटलं. मागं खांबापाशी बसलेल्या तीस माणसांनी ते ऐकलं. कुणी हसलं नाही. माइक माझ्यापासून हातभर अंतरावर होता. दोन शब्द बोलायचे होते, बोरनाळ आणि खुर्द. वर्गात साठ पोरांपुढं घसा फोडून सांगणारा मी हातातली टोपी नीट करत राहिलो. पहिल्या रांगेत व्याही बसले होते, व्हिडिओवाला आमच्यावर उजेड पाडून उभा होता. मी दाजींच्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल दिला, शाल पांघरली. एरवी ते माझ्या पाठीवर थाप मारायचे. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हात जोडले आणि मला नमस्कार केला, अनोळखी पाहुण्याला करतात तसा. आणि खाली उतरून आपल्या गावच्या माणसांत जाऊन बसले.

लग्न नीट पार पडलं. लेक सासरी गेली. लोक म्हणाले, सरांनी देखणं लग्न केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का-दाजी निघाले. टेम्पो आदल्या दिवशीच गेला होता, म्हणून मी त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. देवणीची गाडी लागली. दाजी पिशवी घेऊन पायरीशी उभे होते. अक्कानं माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली, तिची ती सवयच आहे. तिचे डोळे भरलेले होते. म्हणाली, "भाऊ, झालं गेलं गंगेला मिळालं. पर एक ऐक माझं. आता नातवंडाच्या बारशाला पत्रिका छापशील, तवा त्या माणसाकडं जाऊ नको. त्यानं तुझं नाव खराब केलंय साऱ्या गावात. त्याला दारात उभा करू नको. माझी शपथ हाय तुला."

दाजी तिच्या मागंच होते. ते माझ्याकडं बघत होते, आणि वाट बघत होते.

मी म्हटलं, "हाव अक्का. न्हाई जात."